तीन मार्चच्या अकरा पाट्या

त्या वर्षी होळी तीन मार्चला, गुरुवारी होती. होळीच्या दिवशी खारदांड्याची एकही होडी समुद्रात जात नाही, हे माझ्यासारख्या मासे न खाणाऱ्या माणसालाही ठाऊक होतं. आणि कमळ चिंबैकरच्या अहवालात, शेवटच्या पानावर, तीन मार्चच्या पुढे स्वच्छ छापलेलं होतं : बोंबील, अकरा पाट्या.

मी चष्मा पुसून ती ओळ पुन्हा वाचली. अकराच.

ही गोष्ट अठ्ठ्याऐंशी सालची. अंधेरीच्या एका कॉलेजात मी ग्रंथपाल होतो. दोन वर्षांपूर्वी कॉलेजने बी.कॉम.ला जोडून कॉम्प्युटरचा अभ्यासक्रम सुरू केला होता. व्यापार आणि माहिती पद्धती, असं त्याचं नाव. नवी गोष्ट होती, त्यामुळे सगळ्यांना तिचं कौतुक होतं आणि कोणालाच तिची पुरती माहिती नव्हती. पडदे लावलेल्या एका थंड खोलीत चार यंत्रं होती. खोलीबाहेर चपला काढायच्या, वहीत सही करायची, अर्धा तास मिळायचा. अर्धा तास संपला की पुढचा विद्यार्थी पाठीशी येऊन उभा राहायचा.

शेवटच्या वर्षी प्रत्येकाने एक खराखुरा धंदा निवडायचा, तिथे कोण काय नोंदवतं ते चार महिने पाहायचं, आणि धंद्याच्या मालकाला हवी ती माहिती वेळेवर मिळेल अशी पद्धत यंत्रावर बसवून दाखवायची, असा नियम होता. बहुतेक मुलांनी वडिलांचं दुकान किंवा घाटकोपरला मामाचा कारखाना घेतला. कमळने खारदांड्याची आपली आत्या घेतली. सरूबाई बंदरावर मासळी घ्यायची आणि बाजारात विकायची. तिला रोज पहाटे एकच प्रश्न असायचा, आज बर्फ किती घ्यायचा? कमी घेतला तर मासळी खराब, जास्त घेतला तर पाणी. गेल्या चार महिन्यांच्या मासळीवरून उद्याचा बर्फ सांगायचा, हा कमळचा प्रकल्प. वर्गात तिने तो वाचून दाखवला तेव्हा मुलं हसली. मागच्या बाकावरून कोणीतरी ओरडलं, "यंत्राला वास मारेल यार!" मीही त्या दिवशी दाराशी उभा होतो. हसलो नाही, पण काही बोललोही नाही.

अहवाल आधी ग्रंथालयात जमा व्हायचे. पानं, अनुक्रमणिका, संदर्भ तपासून मी ते विभागप्रमुख नंदकुमार सरांकडे पाठवायचे, एवढंच माझं काम. पण त्याच महिन्यात सरांनी दोन मुलांना पकडलं होतं. त्यांनी मानखुर्दचा एक कारखाना निवडला होता आणि तो कारखाना अस्तित्वातच नव्हता. सर मला म्हणाले होते, "श्यामसुंदरराव, तुमची नजर बारीक आहे. काही खटकलं तर सांगा. पहिली बॅच आहे. एक जरी खोटा अहवाल बाहेर गेला ना, तर कोर्सची वाट लागली समजा."

माझ्या नजरेवर कोणी इतका विश्वास टाकल्याची मला सवय नव्हती. मी कामाला लागलो.

आणि खटकायला लागलं तेव्हा सगळंच खटकायला लागलं. सत्तावीस डिसेंबरला शून्य पाट्या. पंचांगात नव्हे, कार्यालयाच्या जुन्या डायरीत पाहिलं, तो रविवार. नाताळ आणि नव्या वर्षाच्या मधला रविवार, आणि खारच्या बाजारात मासळी नाही? नोव्हेंबरमध्ये एका दिवशी मासळी एकदम दुप्पट, आदल्या आणि पुढच्या दिवशी नेहमीसारखी. त्यातून पहिल्या पानावर लिहिलेलं, 'सर्व नोंदी दररोज घेतल्या आहेत.'

मग मी तिच्याकडे पाहू लागलो. ती माझ्या समोरच्याच टेबलावर बसायची. तिच्याकडे तपकिरी पुठ्ठ्याची एक वही होती. मी कपाटाकडे जाण्याचं निमित्त करून जवळून गेलो की ती वहीवर हात ठेवायची. कधी कधी बोटांच्या पेरांवर अंगठा फिरवत काहीतरी मोजायची आणि लिहायची. पेन्सिलीने. खरी नोंद पेन्सिलीने कोण करतं?

एकदा मी धीर करून विचारलं, "हे आकडे तू रोज घेत होतीस?"

"आत्या सांगायची, सर."

"रोज?"

तिने पुस्तक मिटलं. "सांगायची ना, सर," ती म्हणाली आणि तिचे कान लाल झाले.

आयुष्यात मला क्वचितच कशाची खात्री वाटली आहे. घराला कुलूप लावलं की मी ते तीनदा ओढून पाहतो आणि बसथांब्यावरून एकदा परत येतो. पण त्या लाल कानांनी माझी खात्री पटवली. मी सरांकडे गेलो.

त्यांनी तीन मार्चची ओळ पाहिली, सत्तावीस डिसेंबरची पाहिली. "कोळ्याची पोरगी आणि होळीला मासे विकते? घरी बसून आकडे पाडलेत. द्या लिहून मला."

"लिहून?"

"मग काय, तोंडी? प्रकल्प रद्द म्हणजे परीक्षेला बसता येणार नाही. कागद नको का? शनिवारी दहाला तिला बोलावतो. तुम्हीही या."

मी लिहून दिलं. सात ओळी. अक्षर नेहमीपेक्षा चांगलं आलं होतं. कारकुनाने त्यावर आवक क्रमांक टाकला.

गुरुवारी संध्याकाळी दिंडोशीला घरी वसुधा, माझी पत्नी, मटार सोलत बसली होती. मी तिला सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तिच्या आत्याला विचारलंत?"

"आत्या तिचीच बाजू घेणार."

"मग तिला?"

"तिला विचारलं ना. तिचे कान लाल झाले."

"अहो, तुमचे तर दूधवाल्याशी बोलताना होतात," वसुधा म्हणाली आणि शेंगांची टरफलं गोळा करून आत गेली.

शुक्रवारी दुपारी मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. अहवाल पिशवीत घातला, दोन बस बदलल्या आणि दांड्याला उतरलो. पुरावा पक्का करायला निघालोय, असं मी स्वतःला सांगत होतो. खरं म्हणजे मी कुलूप ओढून पाहायला निघालो होतो.

वलांडीवर, म्हणजे उन्हात बांधलेल्या बांबूंवर, बोंबील वाळत टांगलेले होते. त्यांच्या सावलीत सरूबाई पाय पसरून बसली होती. पन्नाशीची, उंचीपुरी बाई. पाटीतली कोलंबी निवडत होती. मी पिशवीतून अहवाल काढून जवळ जाऊन उभा राहिलो आणि नेहमीप्रमाणे सुरुवात कशी करावी ते मला सुचेना.

तिनेच वर पाहिलं. "कोन तू? सोसायटीचा?"

"नाही."

"मुन्शिपालटीचा?"

"मी कॉलेजातून आलो. कमळच्या."

"मास्तर काय? मंग हातात कागद कशाला?" तिने शेजारणीला हाक मारली. "सोनू, बग गं, मास्तर म्हनतो आनि कागद घेऊन आलाय. मागल्या खेपेला असाच एक आल्ता, चष्म्याचाच. गोड बोलून सगल्या होऱ्या मोजून गेला."

सोनूबाई आपल्या दारातूनच म्हणाली, "बसू नको देऊ!"

मला बसायला कोणी सांगितलंच नव्हतं. मी उभ्यानेच म्हणालो, "फक्त मासळीबद्दल विचारायचं होतं. तीन मार्चला किती पाट्या आल्या?"

"कदी?"

"तीन मार्चला."

"मार्च-बिर्च मना नाय कलत. तीथ सांग."

"होळी. होळीच्या दिवशी."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग मोठ्याने हसली. "सोनू, मास्तर इचारतो होलीला पाट्या किती! अरे, होलीला कोन होरी घालील दर्यात? सगल्या होऱ्या कांठाला. आमचा होरीवाला लहू तर दारू पिऊन झोपल्ता."

झालं. आत्यानेच सांगितलं. मी कागद पिशवीत घालायला लागलो. पण हात थांबला. का थांबला ते मला आजही सांगता येणार नाही. बहुधा सवयीनेच.

"आणि होळीच्या आधी?" मी विचारलं.

"चवदसला पाच. सगले घरी पलत होते सनाला. तेरशीला लई, अकरा पाट्या. बोंबील. बर्फ पुरला नाय, सोनूकडनं घेतला."

अकरा.

मी अहवाल पुन्हा बाहेर काढला. तेरस म्हणजे होळीच्या दोन दिवस आधी. अहवालातल्या अकरा पाट्या दोन दिवस पुढे सरकल्या होत्या. खालच्या ओळी पाहिल्या. चार मार्चला पाच. आणि पाच मार्चला, जिथे मी तोपर्यंत नीट पाहिलंच नव्हतं, तिथे शून्य. होळी होती. चुकीच्या तारखेला होती.

तक्ते पंधरा-पंधरा ओळींचे होते; सत्तावीस डिसेंबरच्या ओळीपर्यंत मी बोटाने मोजलं. मी विचारलं, "नाताळात एक दिवस मासळी आलीच नाही का? पौषातल्या पहिल्या पंधरवड्यात? सहावी ओळ आहे. शून्य आहे."

तिने कोलंबी सोडली आणि बोटांच्या पेरांवर अंगठा फिरवला. अगदी कमळसारखा. "पाचमला आली. सातमला आली."

"आणि षष्ठीला?"

"सठ आलीच नाय. गलली ती. पाचमच्या दुसऱ्या दिवशी सातम." मग तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी खरंच मास्तर आहे की नाही याबद्दल तिला पहिल्यापासून असलेली शंका आता खरी ठरली होती. "का रे मास्तर, तुझ्या घरी पंचांग नाय?"

होतं. घरी होतं, ग्रंथालयात होतं, माझ्या खुर्चीमागे भिंतीवर कॅलेंडर होतं, तारखेखाली बारीक अक्षरात तिथी असलेलं. मी रोज सकाळी त्याच्याकडे पाहून एकादशी कधी आहे ते बघायचो.

निघताना सरूबाईने सुक्या बोंबलांची एक जुडी वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्या पिशवीत घातली. मी नको म्हणालो. तिने ऐकलं नाही. "पोरीला पास कर," ती म्हणाली, आणि त्या वाक्याने मला घाम फुटला.

मी घरी न जाता कॉलेजात परत गेलो. ग्रंथालय बंद व्हायला तास होता. पंचांग काढलं आणि अहवालाशेजारी उघडलं. कमळचा यंत्रावरचा कार्यक्रम काय करत होता ते ओळीओळीने दिसू लागलं. आत्या दर पंधरवड्याला तिथीने सांगायची. कमळ पंधरा ओळींचा तक्ता भरायची, एक तिथी, एक ओळ. यंत्राला मात्र तिने पहिली तारीख दिली होती, दिवाळीच्या पाडव्याची, आणि प्रत्येक ओळीला एक दिवस वाढवायला सांगितलं होतं. गळलेली तिथी रिकामी राहिली, यंत्राने तिथे शून्य छापलं. जी तिथी दोन दिवस होती तिथे दोन्ही दिवसांची मासळी एका ओळीत गेली. ती नोव्हेंबरमधली दुप्पट. चार महिन्यांत तिथी दिवसांपेक्षा दोनने जास्त भरल्या. एकही पाटी खोटी नव्हती.

ही चूक आमच्या वर्गातल्या दुसऱ्या कोणाच्या हातून झाली नसती, कारण दुसऱ्या कोणाचा मालक तिथीने बोलत नव्हता. आणि ती सगळ्यांत आधी ओळखायला हवी होती मी.

शनिवारी दहाला मी सरांच्या खोलीत गेलो. पिशवीत पंचांग, अहवाल आणि बोंबील होते. बोंबील घरी नेता आले नव्हते, टाकवलेही नव्हते. रात्रभर ते माझ्या टेबलाच्या खणात होते आणि खणालाच वास लागल्यामुळे मी ते पुन्हा पिशवीत घातले होते.

कमळ उभी होती. तपकिरी वही छातीशी धरलेली. माझी चिठ्ठी टेबलावर होती, म्हणजे तिला कळलं होतं कोणी लिहिली ते. तिने माझ्याकडे पाहिलं नाही.

"हं, श्यामसुंदरराव. बोला," सर म्हणाले.

"माझी... माझी चूक झाली, सर. आकडे खरे आहेत."

"काय?"

मी सांगायला लागलो. तिथी, क्षय, वृद्धी. मी घाबरलो की वाक्यं उलटी सुरू करतो. शेवट आधी, सुरुवात नंतर. सर ऐकत होते, पण मध्येच त्यांचं नाक हललं. त्यांनी खिडकीकडे पाहिलं, मग माझ्या पिशवीकडे.

"काय आहे त्यात?"

मी पिशवी पायांमागे सरकवली.

"उघडा बघू."

वर्तमानपत्राचं टोक दिसलं आणि त्यातून बोंबलाची शेपटी.

सर खुर्चीत मागे रेलले. त्यांचा आवाज एकदम शांत झाला. "गुरुवारी लिहून देता की आकडे खोटे. शुक्रवारी रजा. शनिवारी आकडे खरे, आणि पिशवीत सुकी मासळी. तुम्ही मासे खात नाही ना, श्यामसुंदरराव?"

"नाही, सर."

"मग मी काय समजायचं?"

मला वाटलं, आता मी चिठ्ठी खरी म्हणालो तर मी सुटेन. फक्त गप्प बसायचं होतं, आणि गप्प बसणं मला चांगलं जमतं. मी पंचांग टेबलावर ठेवलं. ते जरा जोरातच आपटलं.

"माझ्याबद्दल काहीही समजा," मी म्हणालो. "तिला यंत्रावर बसू द्या. तारखा पंचांगातून घालू दे. होळी तीन मार्चला आली नाही, तर रद्द करा."

सरांनी पंचांग हातात घेऊन चाळलं. मग त्यांनी कमळला विचारलं, "करशील?"

"अर्ध्या तासात नाही होणार, सर," ती म्हणाली. "एकशे पस्तीस ओळी आहेत."

"बस. आज यंत्र रिकामंच आहे."

आम्ही तिघांनी चपला काढल्या. ती यंत्रासमोर बसली, सर तिच्या पाठीमागे हाताची घडी घालून उभे राहिले, मी बाजूच्या स्टुलावर पंचांग घेऊन बसलो. तिने वही उघडली. पेन्सिलीने ओळीने लिहिलेलं होतं : शु. १, शु. २, शु. ३. मी तारीख वाचायचो, ती टाइप करायची. कार्तिक शुद्ध प्रतिपदा, तेवीस ऑक्टोबर. द्वितीया, चोवीस. एक तिथी दोन दिवस आली तिथे ती थांबली, वहीत पाहून दोन ओळी केल्या. पौष षष्ठीपाशी मी म्हणालो, "ही नाही." तिने ओळ काढून टाकली. पाऊण तासात ती एवढंच म्हणाली, "पुढची, सर."

प्रिंटर करकरत सुरू झाला. कागद हळूहळू वर येत होता. सत्तावीस डिसेंबर, चार पाट्या. एक मार्च, अकरा. दोन मार्च, पाच. तीन मार्च, शून्य.

सरांनी कागद फाडून घेतला आणि उभ्या उभ्या सगळा वाचला. "मग पहिल्या पानावर 'दररोज' कशाला लिहिलंस? पंधरा दिवसांनी आठवून सांगितलेलं ते."

कमळ उठून उभी राहिली. "सर, बाई तिथीने लक्षात ठेवते असं लिहिलं असतं तर वर्ग परत हसला असता. तुम्ही गुण दिले असते?"

सरांनी कागदाची घडी केली. "तो शब्द काढ. वहीची पानं शेवटी जोड. खोटं विधान केलंस त्याचे दहा गुण जातील. सोमवारपर्यंत दे." दारात ते थांबले. "आणि होळी पाचला छापली गेली तेव्हा तुला दिसलं कसं नाही?"

"मी बेरीज तेवढी बघितली, सर. तारखा यंत्राने घातल्या होत्या, त्या चुकतील असं वाटलंच नाही."

मी सरांच्या मागोमाग गेलो आणि चिठ्ठी परत मागितली. ते म्हणाले, "आवक क्रमांक पडलाय, आता कशी देऊ?" मग मी दुसरी लिहिली, पहिलीच्या दुप्पट लांब, आणि तिलाही क्रमांक घालून घेतला. सरांनी दोन्ही एकाच टाचणीत अडकवल्या. माझ्या पिशवीकडे मात्र ते पुढे कितीतरी दिवस पाहत असत.

एप्रिलमध्ये परीक्षेच्या प्रवेशपत्रावर ग्रंथालयाची सही लागायची. कमळ पुस्तकं परत करायला आली. मी ती एकेक तपासून बाजूला ठेवली. तिला काहीतरी सांगावं असं महिनाभर ठरवत होतो. तीन वाक्यं तयारही होती. त्यातलं एकही आठवेना.

तीच म्हणाली, "सर, दांड्याला जायला तुम्ही दोन बस बदलल्या ना?"

"हो."

"मी इथं समोर बसायचे."

मी सही केली. शाई जरा पसरली.

"आत्याने विचारलंय, बोंबील कसे होते?"

"छान होते," मी म्हणालो.

"खाल्लेत?"

"खाल्ले."

"भाजून, की कालवणात?"

"भाजून."

ती माझ्याकडे पाहत राहिली, जसा मी सगळा मार्चभर तिच्याकडे पाहत होतो. माझे कान तापल्याचं मला जाणवलं. शेवटी तिने प्रवेशपत्र उचललं, शाईवर फुंकर घातली.

"महादू शिपाई म्हणाला, त्याच्याकडे त्या बोंबलांचं कालवण झकास झालं होतं," ती म्हणाली. "असू दे, सर. आत्याला मी 'भाजून' असंच सांगते."